आत्याचा श्रावण आणि पेटीतला बेंथम

१९८८ च्या जुन्या ठरावाचं बोट धरून कल्याण-डोंबिवली महापालिकेने २०२५ च्या १५ ऑगस्टला मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायला सांगितली, तेव्हा कल्याणहून आत्याचा फोन आला. "श्रावण मी पाळतेच रे. महिनाभर अंडंसुद्धा नाही घरात. पण ते माझ्या मनाने. हे कोण सांगणारे?"

सोळा आणे पटलं. फोन ठेवल्यावर मात्र लक्षात आलं की अर्ध्या तासात बोकडाचं नावही निघालं नव्हतं. आपल्याकडे मटणाचा वाद खाणाऱ्यावरून होतो: त्याची जात कोणती, धर्म कोणता, कुठल्या सोसायटीत त्याला भाड्याने घर मिळणार नाही. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हाही भांडण माणसांचंच होतं.

इथे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जेरेमी बेंथम हा इंग्रज तत्त्वज्ञ काचेच्या पेटीत बसलाय. १८३२ मध्ये वारला. त्याच्याच इच्छेने सांगाड्याला कपडे चढवलेत, डोकं मेणाचं. कृती बरी की वाईट हे तिच्यातून निघणाऱ्या सुखदुःखावर मोजायचं, हे त्याचं माप. जनावराला अक्कल आहे का, बोलता येतं का हे विचारू नका. त्याला यातना होतात का ते विचारा, असं त्याने १७८९ च्या पुस्तकात एका तळटीपेत लिहिलं. त्याच तळटीपेत मांस खायला त्याची हरकत नाही, हे मात्र इथले व्हीगन मित्र सांगत नाहीत.

हे माप आपल्या स्वयंपाकघराला लावलं की भलताच हिशेब निघतो. कोलेस्टेरॉलच्या धाकाने आपण मटणावरून चिकनवर आलो. एका बोकडाइतकं मांस जमवायला दहाएक ब्रॉयलर लागतात, आणि ते पाच-सहा आठवड्यांचं आयुष्य शेडमधल्या गर्दीत काढतात, कित्येकांना स्वतःचं वजन पायांवर पेलत नाही. बोकड निदान माळावर चरलेला. आणि श्रीखंडाचं दूध ज्या म्हशीचं, तिच्या रेडक्याचं पुढे काय झालं? यातनाच तोलायच्या, तर पारडं शाकाहाऱ्याच्या बाजूने झुकेलच असं नाही.

इथल्या लोकांनी हिशेब करून निवांत झोपायची सोयही केली आहे. अंड्यावरच शिक्का असतो: ० सेंद्रिय, १ मोकळी फिरणारी, २ शेडमधली, ३ पिंजऱ्यातली. मी १ चा डबा घेतो आणि स्वतःला सज्जन समजतो. अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारतात, हे डब्यावर नसतं. तरीही मला इथला वाद जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्यात कोंबडी आहे. फक्त तो महापालिकेच्या हाती देऊ नये.

शिक्क्याची गोष्ट सांगितल्यावर आत्या हसली. "अंड्यावर कोंबडीचा पत्ता? आमच्या खाटकाचा बोकड दुकानासमोरच बांधलेला असायचा. तू शाळेतून येताना त्याला पाला घालायचास, आणि रविवारी नळीसाठी भांडायचास."