सोक्षमोक्ष

घरच्या ग्रुपवर पुतणीनं लिहिलं, ‘हॅव इट आउट विथ समवन, म्हणजे मनातलं समोरासमोर बोलून वाद निकालात काढणं, याला मराठीत शब्दच नाही. आपण एक तर धुसफुसतो, नाही तर तुटून पडतो.’ खाली अंगठ्यांची रांग. तिकडे बसून इंग्रजीचे गोडवे गाणाऱ्यांचा मला अलीकडे फार राग येतो. सोक्षमोक्ष लावणं कुठे गेलं? जाब विचारणं? एक घाव दोन तुकडे?

आणि ज्यांचं एवढं कौतुक, ते इंग्रज काय करतात हे मी इथे त्यांच्या देशात राहून बावीस वर्षं बघतोय. ‘क्लिअर द एअर’ म्हणजे वादळानंतर हवा मोकळी होते तसं मन मोकळं करणं. म्हणतात खूप, वादळ कुणालाच नको असतं. मीटिंगमध्ये ‘विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट’ कानावर आलं की समजावं, आदर संपला. ‘बोन टू पिक’, म्हणजे तुझ्याशी एक हिशेब चुकता करायचाय, हे हसत हसत काढतात. खरी तक्रार असली की एचआरला ईमेल. ‘बरी द हॅचेट’, कुऱ्हाड पुरून वैर संपवणं, हे तर त्यांचं नाहीच, ते उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवाशांचं. त्यांच्यातल्या हॉडेनोसॉनी (इरोक्वॉय) संघाच्या परंपरेत पाच राष्ट्रांनी वैर संपवून पाइनच्या झाडाखाली शस्त्रं पुरली. इंग्रजीनं वाक्प्रचार उचलला. इथले लोक कुऱ्हाड पुरतात, पण जागेवर खूण करून ठेवतात.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. जरा चढ्या आवाजातच.

रात्री मात्र तो ‘विथ’ डोक्यातून जाईना. जाब आपण एखाद्याला विचारतो. खडसावतो एखाद्याला. सोक्षमोक्ष लागतो प्रकरणाचा, त्यात माणूस नसला तरी चालतं. ‘ला’ म्हटलं की एक वर, एक खाली. ‘शी’ आहे आपल्याकडे, नाही असं नाही: भावाशी भांडतात, भावाशी बोलतात. या दोहोंच्या मधलं काहीतरी पोरीला म्हणायचं असावं. हे ग्रुपवर लिहिलं नाही.

पुतणी दादाची. दादा त्याच ग्रुपवर आहे आणि चार वर्षं आमचा अबोला आहे. इथे मी सहकाऱ्यांना समोर बसवून वाद मिटवतो, त्याचं प्रशिक्षणही देतो. दादाला फोन करायचा म्हणून मनात वाक्यं जुळवली की ती इंग्रजीत जुळतात, अगदी सफाईदार. ती त्याला ऐकवायची म्हणजे साहेबी थाट दाखवल्यासारखं. मराठीत सुरुवात होते, ‘दादा, मला तुझ्याशी…’

पुढचं क्रियापद ठरत नाही.