‘लिनक्स टाकलं की लॅपटॉप गेला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी, मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकता येते. पण मुंबईत पालकांच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “विंडोजसोबत लिनक्स टाकू नका. सगळा डेटा उडतो, विंडोज कायमचं लॉक होतं, मदरबोर्डवरचं घड्याळ बिघडतं, लिनक्स परत काढता येत नाही. त्यापेक्षा नवा लॅपटॉप घ्या.” हे वाचून कुणी चांगला चालता लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवर कवडीमोलाने विकू नये, म्हणून एकेक दावा तपासू.

डेटा उडतो? बहुतेक वेळा तो उडतो इन्स्टॉलरच्या एकाच स्क्रीनवर, ‘अख्खी डिस्क पुसून टाका’ हा पर्याय निवडल्यावर. तो निवडू नका. आधी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह श्रिंक करा, म्हणजे लहान करून जागा सोडवा. उबुंटू हा लिनक्सचा एक प्रकार किमान २५ जीबी मागतो, पण मी ५० तरी ठेवायला सांगेन. सुटलेली जागा अनअलोकेटेडच (कुठल्याही ड्राइव्हला न दिलेली) राहू द्या, तिचा नवा ड्राइव्ह बनवू नका. लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा वेगळा भाग, तिथेच बसतं, सीमधल्या फायली जागच्या जागी राहतात. पार्टिशन स्वतः निवडणार असाल तर ईएफआय पार्टिशन (लॅपटॉप सुरू करणाऱ्या फायलींचा छोटा भाग) नुसतं वापरायचं. ते फॉरमॅट केलंत तर विंडोजचा बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करणारा प्रोग्रॅमच जाईल. आणि हे सगळं करण्याआधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्याच. वीज गेली किंवा डिस्कच जुनी निघाली, तर दोष लिनक्सचा नसला तरी नुकसान तुमचंच.

‘कायमचं लॉक’ हा बिटलॉकरबद्दलचा, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीबद्दलचा गैरसमज आहे, आणि माणसं घाबरतात ती इथेच. बूटच्या (लॅपटॉप सुरू होण्याच्या) रचनेत बदल दिसला की बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. अनेक लॅपटॉपवर तो मालकाच्या नकळत चालू असतो. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आधीच कागदावर उतरवून घ्या, किंवा बिटलॉकर बंद करून डिस्क पूर्ण डीक्रिप्ट (कुलूपमुक्त) होऊ द्या. की हाताशी असेल तर ते कुलूप तुमचंच आहे. सोबत विंडोज लवकर सुरू करणारी ‘फास्ट स्टार्टअप’ ही सेटिंगही बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येणार नाही.

घड्याळ बिघडत नाही. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज ती स्थानिक समजतं. म्हणून लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलं की मुंबईत सकाळी नऊला साडेतीन दिसतात: बरोबर साडेपाच तासांचा फरक. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या कमांडने एक सेटिंग बदललं की तो जातो. मदरबोर्डवरचा सेल बदलायला पैसे देऊ नका.

लिनक्स परत काढता येत नाही, हे तर साफ खोटं. मात्र क्रम पाळा. आधी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणा, मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सची पार्टिशनं डिलीट करा. उलट केलंत तर ग्रबची (लिनक्सच्या बूटलोडरची) काळी स्क्रीन येईल. तेव्हाही विंडोज डिस्कवर शाबूत असतं, बायोसमधून ते निवडायचं एवढंच. मोकळी झालेली जागा सीच्या लगतच असते, ती ‘एक्स्टेंड’ करून परत जोडता येते.