पोट गुडगुडलं म्हणजे दुधात युरिया? खुलासा

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘दूध प्यायल्यावर पोट फुगलं तर त्यात युरिया आहे, दूधवाला बदला.’ तीन घरांनी बदललाही. बिचारा दूधवाला!

भेसळ होते, ते खरंच. पण ती पोटावरून कळत नाही. थोडा युरिया तर दुधात निसर्गतःच असतो. किती चालेल याची सरकारी मर्यादा 700 पीपीएम (दहा लाख भागांत 700 भाग) आहे आणि तो प्रयोगशाळेतच मोजतात. पोट फुगण्याचं नेहमीचं कारण दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. पेलाभर दुधात ती जवळपास 10 ग्रॅम असते. ती पचवणारं लॅक्टेज हे पाचक द्रव्य बऱ्याच जणांत लहानपणानंतर कमी होतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते आणि गॅस धरतो. दूध उकळून ती जात नाही, दूधवाला बदलूनही नाही.

आमच्या काकूंना सकाळचं दूध बाधतं, पण ताटातलं दही खुशाल चालतं, कारण विरजणात काही साखर आंबून जाते. सराफ्याच्या खाऊगल्लीतली रबडी आटवलेली, त्यात साखर उलट दाट. तिथे मात्र काकू युरियाचं नाव काढत नाहीत!

दूध टाकू नका, पेल्यात सुमारे 240 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. अर्धा कप जेवणासोबत घेऊन बघा. अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली तर ती ॲलर्जी, सरळ डॉक्टर गाठा.