वीतभर मासा, हातभर गुंता

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानातल्या ओढ्यांवर ब्रुक ट्राउट नावाचा मासा पकडायला गेलेल्या माणसाचं वैर माशाशी नसतं, झाडांशी असतं. मासा तसा वीतभरच. नऊ इंचांचा लागला तर तो दिवाळीपर्यंत सांगण्याजोगा. पण ओढा जेमतेम दहा-बारा फूट रुंद, दोन्ही काठांना माउंटन लॉरेलच्या झुडपांची जाळी आणि डोक्यावर फांद्यांचं छत. अशा बोगद्यात उभं राहून लाइन, म्हणजे गळाची दोरी, आधी झोकात मागे न्यावी नि मग पुढे फेकावी, असं शिकवणारे शिकवतात. ते बहुधा क्रिकेटच्या मैदानावर शिकलेले असावेत.

माझं मत विचाराल तर मागे फेकायचा नादच सोडावा. इथे चालतो तो धनुष्यबाण. सात फुटी रॉड, तीन नंबरची लाइन, तिच्या टोकाला साडेसात फुटी लीडर, म्हणजे बारीक पारदर्शक दोरा. टोकाबाहेर रॉडच्या लांबीएवढाच दोरा ठेवायचा, फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा, चिमटीत धरून मागे ओढायची, रॉडला बाक आला की नेम धरून सोडून द्यायची. ती फांद्यांखालून सुळकन डोहात जाते. मात्र चिमूट गळाच्या वळणावर हवी. टोकाशी धरलीत तर दिवसाचा पहिला मासा म्हणजे आपलाच अंगठा. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकावा, तो माशाच्या भल्यासाठी. अंगठ्याचं भलं त्यात आपोआप होतं.

ऑक्टोबरात पाणी उतरलेलं आणि काचेसारखं नितळ. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा, म्हणून खालच्या अंगाने, वाकून, शेवटी गुडघे टेकून सरकायचं. सावली डोहावर पडली की मासे खडकाखाली, आणि मग अर्धा तास तपश्चर्या. बरं, इतक्या जवळ जायचं कशाला? तर मधली धार वेगात असते आणि पलीकडचं पाणी संथ. लाइन धारेवर पडली की ती फ्लायला फरफटत नेते आणि बिचारा नकली किडा मोटरबोटीसारखा रेघ काढत निघतो. असा किडा ट्राउटने जन्मात पाहिलेला नसतो. म्हणून रॉडचं टोक उंच धरून पाण्याला फक्त लीडरच लागू द्यायचा.

तेवढ्यात पानगळ सुरू होते. ट्यूलिप पॉपलरचं भिजलेलं पान गळाला लागलं की रॉड असा वाकतो, की छाती धडधडते. माशापेक्षा पान जास्त झुंज देतं, हे मी शपथेवर सांगेन.

आणि खरा मासा आला की घात होतो आपल्या उत्साहाने. इथे हिसका द्यायचा नसतो, मनगट नुसतं उचलायचं असतं. हिसका दिलात तर पाच इंची ट्राउट तुमच्या खांद्यावरून उडून मागच्या लॉरेलमध्ये जातो, आणि टिपेट, म्हणजे लीडरचं सर्वांत बारीक टोक, तुटतो तो वेगळाच. मग गार पडलेल्या बोटांनी नवी गाठ. चौदा नंबरच्या फ्लायच्या नेढ्यातून दोरा ओवायचा, पाच वेढे द्यायचे, टोक नेढ्याजवळच्या फटीतून आणि मग मोठ्या फाशातून परत काढायचं, थुंकी लावून हळूच आवळायचं. कोरडीच आवळली तर घर्षणाने नायलॉन कमजोर होतो आणि गाठ ऐन मोक्याला दगा देते. चष्मा घरी राहिला असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

हा शौक थोरामोठ्यांचाही. उद्यान व्हायच्या आधी, १९२९ मध्ये, राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी मिल प्राँग आणि लॉरेल प्राँग हे दोन ओढे मिळून रॅपिडान नदी होते तिथे आपली छावणी उभारली. अटी तीन: वॉशिंग्टनपासून शंभर मैलांच्या आत, डास टाळायला अडीच हजार फूट उंची, आणि ट्राउटचं पाणी. त्याच वर्षी ऑक्टोबरात शेअर बाजार आडवा झाला. त्यात ट्राउटचा काही दोष नाही.

याच दिवसांत नराचं पोट शेंदरी होतं, अंगावरच्या लाल ठिपक्यांना निळी कडी असतेच, आणि परांची पांढरी किनार पाण्यात लांबूनही उठून दिसते. नटण्याचं कारण उघड आहे, विणीचा हंगाम. मादी शेपटीने वाळूखडे उडवून खळगा करते आणि त्यात अंडी घालते. आजूबाजूच्या शेवाळी तळात ताटाएवढा स्वच्छ, फिकट ठिगळ दिसला की त्यावर पाय ठेवायचा नाही आणि त्यावरच्या जोडीपुढे फ्लायही टाकायची नाही. म्हणजे मासा सर्वांत देखणा असतो तेव्हाच त्याला सोडून पुढच्या डोहाकडे जायचं. मला हे पटतं, पण पाय लवकर निघत नाही.

पुढच्या डोहात लागलाच, तर आधी हात भिजवायचा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग धरतो. फोटो हवाच असेल तर मासा पाण्यातच ठेवून दुसऱ्या हाताने तीन खिशांत फोन शोधायचा. तोवर मासा गेलेला असतो आणि फोटोत येतो नुसता ओला पंजा. तोही लोक कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात, आणि खाली आत्याचा पहिला प्रश्न येतो: "तळलास की कालवण केलंस?"