संशय आला म्हणून पंगतीतून उठवा म्हणे!

'विश्वासात डळमळणाऱ्यांशी संबंध तोडा, नाहीतर तुमचंही तारण (पापातून सुटका) धोक्यात' असं बजावणारा एक लांबलचक संदेश ख्रिस्ती कुटुंबांच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. सहा मुद्दे आणि बहुतेकांपुढे वचनाचा आकडा, त्यामुळे तो अभ्यासपूर्ण वाटतो. आणि तो नेमका त्या घरांत पोहोचतो जिथला मुलगा किंवा मुलगी उपासनेला येईनाशी झाली आहे. जवळच्या नात्यातल्या एका आईने तो वाचून मुलाचे फोन घेणं थांबवलंय. त्यामुळे पुढचा मजकूर गोड शब्दांत असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आधी त्या सहा मुद्द्यांत कुठेच न सापडणारं वचन बघू. बायबलच्या नव्या करारातलं यहूदाचं पत्र, वचन 22 आणि 23. अख्ख्या पत्रात मिळून 25 वचनं, आणि ते मुळीच मवाळ नाही. मंडळीत (म्हणजे चर्चच्या समाजात) शिरलेल्या खोट्या शिक्षकांना ते पाणी नसलेले ढग म्हणतं, मुळासकट उपटलेली झाडं म्हणतं. आणि एवढं सुनावून झाल्यावर, त्याच शिक्षकांच्या बोलण्याने ज्यांचे पाय घसरलेत त्यांच्याबद्दल काय सांगतं? जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. काहींना आगीतून ओढून काढा. काहींवर दया करताना स्वतःला जपा. म्हणजे माणूस कुठल्या अवस्थेत आहे ते आधी ओळखायचं, मग वागणूक ठरवायची. फसवणारा वेगळा, फसलेला वेगळा आणि नुसता डळमळणारा वेगळा. संदेशाने तिघांना एकाच पोत्यात कोंबलंय. सगळा घोळ तिथेच आहे.

मुद्दा पहिला : 'संशय म्हणजे सैतानाला दार उघडणं, थोमाला प्रभूने झिडकारलं.'

योहान 20 उघडून वाचा. येशू मेलेल्यांतून उठला हे खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय मानणार नाही, असं त्याचा शिष्य थोमा सांगतो. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात जमलेत आणि थोमा त्यांच्यातच आहे. म्हणजे आठवडाभर त्याला कोणी हाकललेलं नाही. प्रभू येतो आणि थोमाने जे मागितलं होतं तेच पुढे करतो : बोट इकडे आण, हात कुशीत घाल. 'विश्वासहीन राहू नको' हे त्यानंतर येतं. पाण्यात बुडणाऱ्या पेत्र या शिष्यालाही आधी हात मिळाला, 'संशय का धरलास' हे मागाहून. मत्तय 28:17 तर सरळ सांगतं की गालीलातल्या डोंगरावर काहींना संशय वाटला. पुढच्याच वचनांत सगळ्या राष्ट्रांत जाण्याची आज्ञा त्या अकरा शिष्यांना मिळते, संशयी वगळून नव्हे. तुरुंगातून 'येणारा तो (म्हणजे वचन दिलेला तारणारा) तूच का?' असं विचारायला माणसं धाडणाऱ्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची तर प्रभूने लोकांसमोर थोरवी सांगितली.

मुद्दा दुसरा : याकोब 1:6, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा.

बरोबर, असं लिहिलंय. त्याच पत्राच्या शेवटी, 5:19-20 मध्ये, सत्यापासून बहकलेल्याला परत आणणारा एक जीव मरणापासून वाचवतो असंही लिहिलंय. पत्र शेवटपर्यंत वाचायला हरकत नव्हती.

मुद्दा तिसरा : 'त्याच्याबरोबर जेवू नका, त्याला घरात घेऊ नका.' आधाराला 1 करिंथ 5:11 आणि 2 योहान 10.

सगळ्यात जास्त नुकसान हा मुद्दा करतो. करिंथच्या वचनात सहा प्रकारची माणसं आहेत : जारकर्मी, लोभी, मूर्तिपूजक, शिवीगाळ करणारा, दारुडा आणि लुबाडणारा. तीही स्वतःला बंधू म्हणवून उजळ माथ्याने तसं वागणारी. संशय घेणारा या यादीत नाही. (लोभी आहे, पण लोभ्याला जेवणावरून उठवल्याचं फारसं कानावर येत नाही.) मंडळीने शिक्षा दिलेल्या माणसाबद्दल या पत्रांचा लेखक पौल 2 करिंथ 2:6-8 मध्ये काय म्हणतो तेही बघा : झाली तेवढी शिक्षा पुरे, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. दुसरं योहानाचं वचन वेगळी शिकवण घेऊन गावोगाव फिरणाऱ्या प्रचारकांबद्दल आहे. त्या काळी अशा प्रचारकाला घरी उतरवून घेणं म्हणजे त्याच्या कामाला हातभार लावणं. पोटच्या मुलाला जेवायला वाढणं हा त्यातला प्रकार नव्हे.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. ज्याचा स्वतःचाच विश्वास उडालाय त्याने संडे स्कूलचा वर्ग किंवा व्यासपीठ काही काळ सोडावं, हे रास्त आहे. पण शिकवण्याची जबाबदारी काढून घेणं आणि घरातलं ताट काढून घेणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बहिष्काराने होतं काय? माणूस संशय सोडत नाही, लपवायला शिकतो. ओठांनी गीत गातो, प्रश्न मात्र ज्यांना त्याच्या तारणाची फिकीर नाही अशांना विचारतो. म्हणून पहिलं काम ऐकण्याचं. एकट्याने भेटा, मध्ये न तोडता बोलू द्या, आणि दुखणं कुठे आहे ते ओळखा. शास्त्रवचनांतली विसंगती, दुःखाचा प्रश्न असं काही डोक्यात असेल तर वाचन आणि जाणकार माणूस लागतो. मंडळीतल्या कोणी दुखावलं असेल तर युक्तिवाद फुकट जातो, तिथे झालेला अन्याय कबूल करावा लागतो. शोक असेल, प्रार्थना करूनही माणूस गेलेला असेल, तर उत्तरं देऊच नका, नुसते सोबत राहा. एखादं पाप मनाला खात असेल आणि त्यावर संशयाचं पांघरूण असेल, तर पाळक किंवा धर्मगुरू यांच्यापाशी खाजगीत बोलण्याची वाट मोकळी ठेवा. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर विलंब न करता डॉक्टर. आणि त्याचं नाव 'प्रार्थना-विनंती' म्हणून सभेत जाहीर करू नका. ती चहाडीच असते, फक्त डोळे मिटून केलेली.

मुद्दा चौथा : मत्तय 18:17, 'तो तुला परराष्ट्रीय किंवा जकातदार यासारखा होवो.'

तिथली पायरी-पायरीची रीत (आधी एकांतात, मग एका-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे) अपराध करूनही न ऐकणाऱ्या भावासाठी आहे. प्रश्न पडणं हा तुमच्याविरुद्धचा अपराध नाही. शिवाय या उताऱ्याच्या आधी 99 सोडून एका मेंढराच्या मागे जाणं आहे आणि नंतर सत्तर वेळा सात क्षमा. राहिला जकातदार, म्हणजे कर गोळा करणारा, त्या काळी पापी समजला जाणारा. प्रभू जकातदारांच्या पंगतीला बसायचा, एवढं तर संदेश लिहिणाऱ्याला माहीत असावं.

मुद्दा पाचवा, प्रकटीकरण 21:8. अग्नीच्या सरोवराच्या यादीत 'विश्वास न ठेवणारे' आहेत, हे खरं. पण त्याच यादीच्या शेवटी 'सर्व लबाड' आहेत. 'थोमाला झिडकारलं' असं ठोकून देणाऱ्याने ती जपून वापरावी.

मुद्दा सहावा : 'एकदा मागे फिरलेल्याला परत वाट नाही, इब्री 6:4-6, आद्य मंडळीने अशांना कधीच घेतलं नाही.'

इब्री 6 अवघड आहे, ते गुळगुळीत करता येत नाही. त्यातला इशारा खरा आहे. पण नवव्या वचनात लेखक 'प्रियजनहो' म्हणून सांगतो की तुमच्याबद्दल आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे. आणि तिथे विषय सगळं अनुभवून ख्रिस्ताला जाणूनबुजून पुन्हा वधस्तंभावर खिळण्याचा आहे, रात्री झोप न येता 'देव आहे का' म्हणणाऱ्याचा नाही.

आद्य मंडळीबद्दलचं विधान मात्र धडधडीत खोटं आहे. इ. स. 250 मध्ये रोमन सम्राट डेसियसने सगळ्यांना देवतांना बळी अर्पून तसा दाखला घ्यायला लावलं. इजिप्तमध्ये असे 40 हून जास्त दाखले पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदावर) सापडलेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. 251 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला बिशप सिप्रियन आणि इतरांनी एकेकाची चौकशी करून निकाल दिला : नुसता दाखला घेतलेल्यांना परत घ्यायचं, बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्त करत राहायचं, पण मरणसमयी त्यांना नाकारायचं नाही. पुढे नव्या छळाची चाहूल लागताच त्यांनाही आत घेतलं. 'मुळीच घेऊ नका' म्हणणारा रोममधला नोव्हेशियन फुटून वेगळा झाला. 325 मध्ये नायसिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने त्याच्या पंथातून येणाऱ्या धर्मसेवकांना 'पतित झालेल्यांशी (म्हणजे छळात विश्वास सोडलेल्यांशी) आम्ही सहभागिता ठेवू' असं लेखी द्यायला लावलं. म्हणजे संदेश जिला आद्य मंडळीची शिकवण म्हणतो ती आद्य मंडळीने नाकारलेल्या पक्षाची आहे.

प्रायश्चित्त सोपं नव्हतं. नायसियाच्या 11 व्या नियमाप्रमाणे जबरदस्ती नसताना विश्वास सोडलेल्याला 3 वर्षं श्रोत्यांत (फक्त वचन ऐकणाऱ्यांत), 7 वर्षं गुडघे टेकून आणि 2 वर्षं प्रभुभोजनाशिवाय (भाकर-द्राक्षारसाच्या विधीशिवाय) प्रार्थनेत राहावं लागे. बारा वर्षं, पण शेवटी दार होतंच. मरणाच्या दारी असलेल्याला ही मुदत आड येत नसे. 13 वा नियम त्यासाठीच आहे.

आज कोणी परत आला तर बहुतेक मंडळ्यांत रीत याहून कितीतरी साधी आहे. पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा नसतो, पहिला पुरेसा असतो. कॅथलिकांत पापांगीकार (धर्मगुरूपाशी पाप कबूल करणं), इतरत्र पाळकांशी बोलणं आणि मग प्रभुभोजन. पहिल्याच रविवारी त्याला साक्ष द्यायला उभं करू नका, आणि 'इतके दिवस कुठे होतास?' हे तर विचारूच नका. ज्या आईबापांनी संदेश वाचून बोलणं तोडलंय त्यांनी मुलाच्या फोनची वाट बघत बसू नये, आपणच लावावा. त्या पहिल्या फोनमध्ये उपासनेचा विषय काढायचा नाही.