रेनॉल्ड्सची व्यक्तिचित्रं म्हणजे ‘त्या काळचा फोटोशॉप’ नव्हे

‘अठराव्या शतकातली ब्रिटिश व्यक्तिचित्रं म्हणजे त्या काळचा फोटोशॉप. श्रीमंतांनी पैसे मोजायचे आणि चित्रकारानं सुरकुत्या पुसून, व्यंग लपवून, कातडी गोरी करून चेहरा द्यायचा. हा मान फक्त श्रीमंतांना. या खुशामतीनं ब्रिटिश चित्रकलेचं वाटोळं झालं.’ त्या काळचा इंग्लिश चित्रकार जॉशुआ रेनॉल्ड्स याच्या चित्रांखाली हा मजकूर लावून सध्या जो तो पुढे पाठवतो आहे. या चित्रांवर माझा जीव आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी खुशामतीचं बघू. रॉयल अकादमी ही लंडनमधली कलावंतांची संस्था डिसेंबर १७६८ मध्ये स्थापन झाली, रेनॉल्ड्स तिचा पहिला अध्यक्ष. १७७१ च्या व्याख्यानात त्यानं विद्यार्थ्यांना सांगितलं की, व्यक्तिचित्राला उंची द्यायची तर चेहऱ्यातले बारीकसारीक विशेष गाळावे लागतात आणि चालू फॅशनचा पोशाख बदलून टिकाऊ वाटेल असा द्यावा लागतो. पण त्याच व्याख्यानात त्यानं हेही कबूल केलं, की अशी उंची बहुधा साम्य गमावूनच मिळते आणि चित्र काढून घेणाऱ्याला तर साम्यच हवं असतं. म्हणजे गिऱ्हाइकाची मागणी होती ‘माझ्यासारखं दिसू दे’ आणि आदर्शीकरणाचा आग्रह होता चित्रकाराचा. फोटोशॉपच्या तुलनेत हे नेमकं उलटं होतं.

हा आग्रह आला कुठून? युरोपभर इतिहास, पुराण आणि धर्म यांवरची चित्रं सर्वांत श्रेष्ठ समजली जात, व्यक्तिचित्र बरंच खालचं. ब्रिटनमधल्या प्रॉटेस्टंट चर्चना भव्य धार्मिक चित्रं नको होती आणि पैसेवाल्यांना हवे होते स्वतःचे चेहरे. इटलीत दोन वर्षं राहून मायकेलअँजेलोनं भारावून परतलेल्या माणसानं अशा ठिकाणी करायचं काय? त्यानं ती भव्यता व्यक्तिचित्रातच आणली. नटी सारा सिडन्सचं १७८४ चं चित्र पाहा. ती शोकांतिकेची देवता होऊन सिंहासनावर बसली आहे, मागे करुणा आणि भीती उभ्या आहेत. बैठक सिस्टीन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोनं रंगवलेल्या प्रेषितांची. या चित्रात नाक सरळ केलं का, हे शोधत बसणाऱ्याला चित्र दिसलंच नाही. आदर्शीकरण आहे ते बैठकीत, वस्त्रात, अंधारात.

‘व्यंग लपवलं जाई.’ १७७५ च्या सुमाराचं रेनॉल्ड्सचं आत्मचित्र बघा. त्याला कमी ऐकू यायचं आणि चित्रात त्यानं कानामागे हात धरला आहे. त्याच सुमारास त्यानं आपला मित्र, लेखक सॅम्युअल जॉन्सनला रंगवलं, ते पुस्तक डोळ्यांशी धरून, मिचमिच्या नजरेनं वाचताना. जॉन्सन चिडला. रेनॉल्ड्सला स्वतःला बहिरा रंगवायचं तर रंगवू दे, मी मिचमिच्या सॅम होणार नाही, असं तो म्हणाल्याचं त्याची मैत्रीण हेस्टर थ्रेलनं नोंदवलं आहे. खुशामत करणारा चित्रकार मित्राचा असा राग कशाला ओढवून घेईल?

गोऱ्या कातडीचं उत्तर सरळ आहे. रेनॉल्ड्स कातडीच्या रंगात कारमाइन या लाल रंगाची लाली वापरायचा. ती उजेडात उडते. त्याच्या हयातीतच चेहरे फिके पडले आणि लोकांनी तक्रारी केल्या. आज जो पांढुरकेपणा दिसतो, तो बऱ्याच चित्रांत उडालेल्या लालीचा आहे.

‘हा मान फक्त श्रीमंतांना.’ पैसेवाल्यांची चित्रं जास्त, हे उघडच आहे. पण १७७६ च्या प्रदर्शनात रेनॉल्ड्सनं माई नावाच्या तरुणाचं चित्र मांडलं. पॅसिफिकमधल्या बेटावरून लंडनला आलेला हा तरुण ‘ओमाई’ म्हणून ओळखला जाई. पायघोळ पांढरं वस्त्र, अनवाणी पाय, एखाद्या रोमन पुतळ्यासारखा उभा. आणि हातांवरचं गोंदण न पुसता रंगवलेलं. त्याच्या खऱ्या आयुष्यावर या रोमन थाटाचं पांघरूण पडलं, हा आक्षेप मला पटतो. पण खुशामत म्हणावी तर ती कोणाची?

एक गोष्ट मात्र मान्य करतो. ही शैली कधीकधी पोकळ व्हायची. लेडी सारा बनबरीला त्यानं सौंदर्यदेवतांना आहुती देणारी पुजारीण केलं. तिला ओळखणाऱ्या थ्रेलच्या मते, ही बाई असली पूजा कधी करणारी नव्हती. ती क्रिकेट खेळायची आणि बीफस्टेक खायची. ते चित्र मलाही थंड वाटतं.

राहिलं वाटोळं. रेनॉल्ड्सच्या भव्यतेशी झगडूनच त्याचे समकालीन वेगळे घडले. १७८५ मध्ये गेन्सबरोनं त्याच सारा सिडन्सला निळ्या पट्ट्यांच्या, त्या काळच्या फॅशनच्या पोशाखात, मोठी काळी हॅट घालून बसवलं. देवता नाही, सिंहासन नाही. ऑगस्ट १७८८ मध्ये गेन्सबरो वारला आणि त्याच डिसेंबरात रेनॉल्ड्सनं अकादमीतलं अख्खं व्याख्यान या प्रतिस्पर्ध्यावर दिलं. जवळून नुसते ओरखडे वाटणारे त्याचे फटकारे ठरावीक अंतरावरून कसे जुळून येतात आणि चेहऱ्याचं साम्य त्यातूनच कसं उमटतं, हे त्यानं विद्यार्थ्यांना समजावून सांगितलं.