मझल ब्रेक: खांद्याचा मार कानावर

मझल ब्रेक म्हणजे रायफलीच्या नळीच्या टोकाला बसवायचं, भोकं असलेलं टोपण; बार होताना खांद्याला बसणारा धक्का कमी करायला. अमेरिकेत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की शिकाऱ्यांत एक सल्ला हमखास फिरतो: "रायफल कुठलीही असो, मझल ब्रेक लावा. धक्का निम्मा होतो, तोटा काही नाही, दिसेल तो घ्या, बसवायला पाच मिनिटं." भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद, त्यामुळे कोलोरॅडोत येऊन पहिल्यांदा बंदूक हातात घेतलेल्या आमच्यासारख्यांना घरात विचारायला जाणतं कोणी नसतं. मग हेच वेदवाक्य.

"धक्का निम्मा होतो." होतो, पण कुठल्या काडतुसाचा? ब्रेक गोळीमागून उसळणारा वायू बाजूला वळवतो. म्हणजे दारू जितकी जास्त, तितकं ब्रेकला काम. .३०० विन मॅग या जबर काडतुसात १८० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) गोळीमागे साधारण ७० ग्रेन दारू असते. तिथे फरक खांद्याला लगेच कळतो. जुन्या .३०-३० काडतुसात जेमतेम तीसेक ग्रेन. तिथे ब्रेक म्हणजे नळीला घातलेली नथ.

"तोटा काही नाही." इथे मात्र माझं डोकं फिरतं. रेंजवर एकदा शेजारच्या बाकावर ब्रेकवाल्या मॅग्नमचा, म्हणजे जबर काडतुसाच्या रायफलीचा, बार झाला. कानांवर आवाज अडवणारे मफ होते, तरी छातीत धप्प झालं आणि माझं काडतुसांचं रिकामं खोकं बाकावरून खाली गेलं. बिनब्रेकच्या रायफलचाच आवाज १६० डेसिबलच्या आसपास किंवा वर जातो. क्षणिक आवाजाची धोक्याची रेघ १४० ला आहे. ब्रेक नेमबाजाच्या कानाशी त्यात आणखी पाच-दहा घालतो, आणि दर सहा डेसिबलला आवाजाचा दाब दुप्पट होतो. "मग कानात प्लग घाला की!" रेंजवर घालालच. पण पहाटेच्या अंधारात काटकी मोडल्याची चाहूल घ्यायला कान उघडे ठेवलेले असतात, आणि एल्क झाडीतून बाहेर आल्यावर खिशात प्लग कोण चाचपतो? शेजारी दुर्बीण लावून बसलेल्या गाइडला तर मार तुमच्यापेक्षा जास्त, कारण वायू त्याच्याच दिशेने वळवलेला. काही गाइड ब्रेकवाली रायफल आणूच नका म्हणतात ते उगीच नाही. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

"दिसेल तो घ्या." चहूबाजूंनी भोकं असलेला ब्रेक लावून पालथं पडून बार काढा: समोर धुळीचा नाहीतर भुरभुरीत बर्फाचा पडदा, गोळी लागली की नाही ते दिसतच नाही. शिकारीला फक्त बाजूंना खिडक्या असलेला बरा. पण तो तिरका बसला तर नळीही तिरकी ढकलतो.

"पाच मिनिटं." नळीला आटे असतील आणि जुळत असतील तर. .३० कॅलिबरच्या (कॅलिबर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप) रायफलींना अमेरिकेत बहुधा ५/८-२४ मापाचे आटे, युरोपी रायफलींना अनेकदा एम १४ किंवा एम १५ बाय १ मापाचे. आटेच नसतील तर गनस्मिथच्या लेथवर जावं लागतं. आटे नळीच्या छिद्राशी सरळ रेषेत नसले, तर गोळी ब्रेकला घासून बाहेर पडते. "हंगामात काढून ठेवू" म्हणणाऱ्यांनी काढल्यावर १०० यार्डांवर झीरो, म्हणजे नेम आणि गोळी यांची जुळणी, पुन्हा तपासावा, कारण गोळी पडायची जागा सरकू शकते.

धक्काच नको असेल तर तेवढ्याच वजनाच्या रायफलीत ६.५ क्रीडमूर हे काडतूस .३०० विन मॅगच्या जवळपास निम्मा धक्का देतं. सप्रेसर, म्हणजे नळीच्या टोकाला लावायचं आवाज दाबणारं नळकांडं, धक्का आणि आवाज दोन्ही कमी करतो. नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंडमध्ये तो सर्रास वापरतात. अमेरिकेत १९३४ पासून त्यावर २०० डॉलर कर होता, १ जानेवारी २०२६ पासून तो शून्य झाला. केंद्राची नोंदणी मात्र आहेच, आणि राज्याचे नियमही बघावे लागतात.

माझ्या .३०-०६ रायफलीला यातलं काहीच नाही. तिचा दस्ता सहा फुटी माणसाच्या मापाचा होता. अर्धा इंच कापून मागे मऊ रबरी पॅड लावून घेतलं. आधी धक्का दंडावर बसून तो हिरवानिळा व्हायचा, आता दस्ता खांद्याच्या खोबणीत बसतो.